धाब्यावर बसविलेले ऊन

मराठीत ‘धाब्यावर बसविणे’ असा एक वाक्प्रचार आहे. सरकारी हुकूम, वडिलांचा उपदेश, वैद्याने सांगितलेले पथ्य यांतले जे मानावयाचे नसते ते आपण धाब्यावर बसवितो. ज्या पिढीने धाब्याची घरे पाहिली नाहीत तिला या शब्दांतले चित्र दिसत नाही. धाबे म्हणजे घराचे मातीचे सपाट छप्पर. आमच्या बाजूला त्याला माळवद म्हणतात. घरात जे अडचणीचे होते ते उचलून वर ठेवले की नजरेआड झाले, असे काहीसे ते चित्र असावे.

आपल्या मुलखातील छपरांचा इतिहास जुळवू लागलो, तेव्हा या वाक्प्रचाराची मला वारंवार आठवण झाली. गेल्या दीडशे वर्षांत आपण छपरे बदलली. ती आगीला भिऊन बदलली, उंदरांना भिऊन बदलली, गळतीला कंटाळून बदलली, चार लोकांत बरे दिसावे म्हणूनही बदलली. या साऱ्या खटाटोपात उन्हाचा विचार मात्र प्रत्येक वेळी धाब्यावर बसला. आणि उन्हाचे राहण्याचे ठिकाण मुळातच तेथे असल्यामुळे ते तेथून कधी हललेही नाही.

मे महिन्यात मुलांना सुटी असते, नाहीतर भूगोलाचा एक धडा अंगणातच शिकविता येईल. सोलापूरच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली त्या क्षणी नाहीशी होते. काठीसारखीच भिंतीचीही सावली पडत नाही. म्हणजे भिंतीवर त्या वेळी ऊनच पडत नाही. जे काही पडते ते सारे छपरावर. थंड देशातला माणूस घराची भिंत जाड करतो, खिडकी लहान करतो आणि निर्धास्त होतो. आपल्याला तेवढ्याने भागत नाही. आपल्या घराची उन्हाशी खरी गाठ छपरावर पडते.

ही गाठ छपराने तीन तऱ्हांनी सोसावी. एक तर ऊन परत पाठवावे. ताज्या चुन्याचा पांढरा पृष्ठभाग उन्हाचा बराच मोठा भाग असा परत धाडतो. किंवा ऊन आपल्या अंगात मुरवून ते उशिरा खाली सोडावे. हे काम जाड माती करते. किंवा छप्पर आणि माणूस यांच्यामध्ये हवा खेळती ठेवावी. हे काम कौलांच्या फटी आणि त्यांखालचा माळा करतो. जे छप्पर यांतले एकही करीत नाही, त्याच्या खाली बसलेला माणूस तव्याखाली बसल्यासारखा असतो.

आपल्या पूर्वजांनी हे शास्त्र म्हणून मांडले नाही. त्यांनी हाताशी जे होते ते वापरले. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ सालापासून पुढे अनेक वर्षे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर या तिघांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे सापडली. कूडमातीच्या भिंती, खांबांचे खळगे आणि वर गवताचे छप्पर, असा त्यांचा घाट. भरभराटीच्या काळातली घरे चौकोनी आणि ऐसपैस होती. पुढे दिवस फिरले तेव्हा ती लहान व गोल झाली. छपराचे गवत मात्र तेच राहिले. घर फिरले म्हणजे वासेही फिरतात असे आपण म्हणतो, पण गवत गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर मान वर करून पाहावे. सबंध डोंगर कोरून केलेल्या त्या दालनाच्या कमानदार छताला लाकडी फासळ्या बसविलेल्या आहेत, आणि सुमारे दोन हजार वर्षे त्या तेथे टिकल्या आहेत. दगडाच्या छताला लाकडाच्या आधाराची गरज नव्हती. पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकूड वाकवून केलेल्या इमारतीच होत्या, आणि फासळ्यांवाचून छत ही कल्पना त्यांना पटली नसावी. त्याच सातवाहन काळातल्या वस्त्यांत, नेवाशाला आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत, भाजलेली कौलेही मिळाली आहेत. गवत आणि कौल यांची स्पर्धा एवढी जुनी आहे.

पुढे महाराष्ट्राचे छपरांच्या बाबतीत ढोबळ मानाने दोन भाग पडले. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस सरींनी नव्हे, महिन्यांनी मोजावयाचा. तेथे छपराला उतार हवाच. भाताचा पेंढा, गवत, माडाच्या झावळ्यांचे झाप, आणि ऐपत असेल तर नळीची कौले. कुंभाराने चाकावर नळा काढावयाचा, तो ओला असताना मधोमध चिरावयाचा, की एका नळ्याची दोन कौले झाली. एक उताणे, एक पालथे अशी ती रचली म्हणजे पागोळ्या वळचणीला उतरतात आणि फटींतून वारा आत येतो. विदर्भात या कौलाला कवेलू म्हणतात. कौलांखाली फळ्यांचा माळा असला की उन्हाची झळ तेथेच अडते. म्हणून जुन्या वाड्यांतील माजघर भर वैशाखातही थंड लागे. माळ्यावर शेंगा, कांदे आणि जुनी भांडी ठेवीत. त्या अडगळीखालची हवाच घरातल्या माणसांना थंडावा देत होती, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसावे.

घाटाच्या पूर्वेला पाऊस बेताचा, सरळ लांब लाकूड दुर्मीळ आणि ऊन रगड. तेथे माळवद आले. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर काटक्यांचा किंवा फळ्यांचा थर, त्यावर कडुनिंबाचा वगैरे पाला, आणि सर्वांत वर पांढरीची माती. गावाच्या शिवारात काळी पिकासाठी आणि पांढरी राहण्यासाठी, ही आपली जुनी वाटणी. पांढरीच्या मातीत क्षार व चुन्याचा अंश असतो. ती दाबली की घट्ट बसते, पाणी लवकर मुरू देत नाही, आणि तिच्यावर गवतही फारसे माजत नाही. खानदेशात अशाच मातीला खारी म्हणतात. रंग फिकट असल्यामुळे ती थोडे ऊन परतही धाडते. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी माळवदाला एक भोक ठेवीत. त्याला साणे म्हणत. पाऊस आला की त्यावर परात पालथी घालावयास कोणीतरी धावे.

हातभर जाड मातीत दुपारी शिरलेले ऊन खालच्या अंगाला पोचावयास आठ-दहा तास घेते. म्हणजे दुपारी बाराचे ऊन घरात पोचावयाचे ते रात्री नऊ-दहाला. आणि त्या वेळी घरात असते कोण? सारे घर माळवदावर अंथरुणे टाकून चांदण्यात पडलेले असे. दिवसा खाली आणि रात्री वर, अशी ही उन्हाला चुकविण्याची युक्ती होती.

पण माळवदाचे गुण गाताना त्याची किंमत सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहासाची नुसती हळहळ होते. रोहिणी नक्षत्र लागले की नवी माती वर चढवावयाची. ती टोपल्यांनी चढवीत, आणि टोपल्या बहुधा बायकांच्या डोक्यावर असत. चोपण्याने ती चोपावयाची, पन्हळी साफ करावयाच्या. तरीही श्रावणात झड लागली की चार ठिकाणी भांडी मांडावी लागत. वाळवी तुळया पोखरी. काटक्यांत विंचू आणि क्वचित साप नांदत. उतरत्या छपराचीही हीच तऱ्हा. दरवर्षी घर शाकारले नाही तर आषाढ माफ करीत नसे. आणि गवत तर एका ठिणगीचे मिंधे! एका घराला लागलेली आग वाऱ्याबरोबर आळीभर फिरे. ज्यांनी ही छपरे टाकली त्यांनी ती उगीच टाकली नाहीत.

बदलाची पहिली चाहूल समुद्रमार्गे आली. फ्रान्सच्या आल्सास प्रांतात गिलार्डोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाचा शोध लावला होता. त्याच धर्तीचे कौल १८६५ साली बाझेल मिशनच्या लोकांनी मंगळुरास जेप्पू येथे कारखाना काढून पाडावयास सुरुवात केली. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती, यंत्राचा दाब आणि भट्टीची आच यांतून निघालेले ते तांबडे कौल पत्तेमारीत बसून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत आले. आपण त्याला आजतागायत मंगळुरी कौल म्हणतो. एकसारखा आकार, हलके वजन, कमी वासे, कमी गळती. माकडाने उडी मारली तरी ते नळीच्या कौलासारखे सहज सरकत नाही. गावोगावच्या कुंभारांचे एक काम त्याने हळूहळू हिरावून घेतले. तरीही ते मातीचेच कौल होते. सांध्यांतून थोडा वारा येऊ देई, पावसाचे पाणी पिऊन पुढे थंडावा देई. तेथवर फारसे बिघडले नव्हते.

दुसरा पाहुणा लोखंडाचा. लंडनच्या गोदीकडील इंजिनियर हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली लोखंडी पत्र्याला वळ्या पाडण्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा वाकतो, पण वळ्या पाडल्या की तोच पातळ पत्रा मोठ्या अंतरावर आपला भार आपण पेलतो. पुढे १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल याने जस्ताचा मुलामा देण्याची रीत काढली आणि पत्र्याचे गंजणे लांबले. गोदीतल्या मालावर छप्पर हवे म्हणून जन्मलेली ही वस्तू होती. तिच्याखाली कापसाच्या गाठी राहाव्यात, माणसांनी राहावे अशी मूळ योजना नव्हती. माणसे तिच्याखाली आली ती नंतर, आणि आपल्याकडे त्या कथेत एक उंदीर आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी पुण्यात त्याने आणि त्यावरच्या बंदोबस्ताने काय केले ते शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. प्लेगच्या त्या पहिल्या वर्षांत अंधाऱ्या घरांची कौले काढून आत ऊन घ्यावे, असाही एक उपाय होता. हजारो वर्षे ज्याला बाहेर ठेवण्यासाठी छप्पर घातले, त्या उन्हालाच औषध म्हणून आत बोलावण्यात आले! पुढे १९०५ साली प्लेगच्या संशोधनासाठी एक आयोग नेमला गेला. त्याने मुंबईत सहा लहान घरे बांधली. बाकी सारे सारखे, फरक फक्त छपरांचा. दोन घरांवर देशी नळीची कौले, दोहोंवर मंगळुरी, आणि दोहोंवर वळ्यांचा पत्रा. छपराखाली तारेची जाळी ताणली. तिच्यातून उंदीर खाली येऊ शकत नव्हता, पिसू मात्र पडू शकत होती. आत गिनिपिग सोडून पाहणी झाली. जेथे पिसवा होत्या तेथे रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे गेला. जेथे नव्हत्या तेथे रोगी जनावराच्या शेजारी राहूनही निरोगी जनावर वाचले. प्लेगच्या इतिहासातला हा महत्त्वाचा प्रयोग. आपल्या विषयापुरते त्यातले एवढेच घ्यावयाचे, की उंदीर देशी कौलांत सुखाने राहतात, मंगळुरी कौलांत त्यांना अडचण होते, आणि पत्र्याच्या छपरात त्यांना थाराच नाही.

उंदराच्या कसोटीत पत्रा पहिला आला. तसा तो यावयासच हवा होता. माणसे पटापट मरत असताना कोणी उकाड्याचा विचार केला नाही, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण त्या सहा घरांत भर दुपारी माणूस बसवून पाहावा, हा प्रश्न तेव्हा नव्हता आणि नंतरही फारसा कोणी विचारला नाही.

स्वातंत्र्यानंतर सिमेंट आले, सळई आली, आणि स्लॅबचे घर ही संसाराच्या यशाची खूण ठरली. ज्याला स्लॅब परवडत नाही त्याने पत्रा घालावा. पत्र्यांत पुन्हा सिमेंटचे पत्रे आले, ज्यांच्यातील अॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांचा घात करतात हे जगाला उशिरा कळले. शिरगणतीच्या तक्त्यांनीही एक भेद रूढ केला. गवत, बांबू आणि माती यांची छपरे ‘कच्ची’. पत्रा, यंत्राची कौले आणि काँक्रीट यांची ‘पक्की’. पावसाच्या आणि आगीच्या दृष्टीने हा भेद बरोबर आहे. पण वैशाखातल्या दुपारी दोन वाजता पत्र्याखाली आणि माळवदाखाली एकेक घटका बसून पाहिले, तर कच्चे कोणते आणि पक्के कोणते याचा निवाडा उलटा होईल. चार-पाच इंच जाडीचा उघडा स्लॅबही फसवा आहे. तो संध्याकाळपर्यंत ऊन पितो आणि माणसे खाली झोपली की ते रात्रभर त्यांच्या अंगावर सोडतो. माळवद जे काम करी तेच तो अर्धवट करतो. आणि माळवदावर झोपण्याची रीत तर आपण केव्हाच सोडली.

येथपर्यंत माळवदाची बाजू लढविणे सोपे आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आडवी येते. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. बहुतेक आपल्याच घरांखाली गेली. एक घनफूट माती सुमारे पंचेचाळीस किलो भरते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर फूटभर मातीचे माळवद असेल, तर झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर पाच टनांहून अधिक ओझे टांगलेले असते. वर्षानुवर्षे जुनी माती न काढता नवी टाकत गेल्यामुळे कित्येक ठिकाणी ते याहूनही जाड झाले होते.

आम्ही त्या गावांपासून पुष्कळ दूर, सोलापूर जिल्ह्यात होतो. त्या पहाटे आमच्या साण्यातून चिमूटभर माती खाली पडली, एवढेच झाले. मी तेरा वर्षांचा होतो. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी माळवद उतरविले आणि पत्रा घातला. उतरलेली पांढरी बैलगाडीने शेतात टाकली. त्या मातीवर ज्वारी चांगली येते. त्या वर्षापासून आजी दुपारचे घरात थांबेनाशी झाली. जेवण झाले की पाटावरचे निवडण उचलून ती समोरच्या लिंबाखाली जाई आणि उन्हे कलली की परत येई. ‘घर गळत नाही आता,’ असे वडील म्हणत. ‘गळत नाही, पण बसवतही नाही,’ असे ती म्हणे. दोघेही खरेच बोलत होते. हजारो घरांतून तो वाद तेव्हा असाच चालला असेल.

वडिलांचा निर्णय चुकला असे मी आज म्हणणार नाही. मात्र भूकंपानंतर जाणकारांनी पडलेली घरे तपासली तेव्हा एक गोष्ट दिसली. पुष्कळ घरांत माळवदाचा भार नुसत्या दगडमातीच्या भिंतींवर होता. त्या भिंती म्हणजे आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मध्ये भरलेले दगडगोटे. दोन्ही थरांना बांधणारा लांब दगड नाही. हादऱ्याने थर सुटले आणि वरचे सारे खाली आले. पण जेथे माळवद लाकडी खांबांच्या खणांवर तोलले होते, तेथे भिंती पडल्या तरी छप्पर खांबांवर उभे राहिल्याची उदाहरणे बरीच सापडली. आपल्या जुन्या सुतारांनी खण बांधून दिला होता. लाकूड महाग झाले तेव्हा आपण खांब वगळले आणि ओझे तसेच ठेवले. बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. तेथे सुरक्षित घरे हवी होती, आणि ती मिळाली. गारवा हा पुन्हा नंतरचा प्रश्न ठरला.

आता तो नंतरचा राहिलेला नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६ अंशांच्या वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेंहून अधिक मृत्यू झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसले. त्या धड्यातून २०१३ साली तेथे उष्म्याशी सामना करण्याची योजना आखली गेली, आणि २०१७ साली गरीब वस्त्यांतील हजारो छपरांना पांढरा रंग देण्यात आला. तेलंगण सरकारने तर २०२३ साली शीत छपरांचे धोरणच जाहीर केले. केरळात लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या पोटात जुनी मंगळुरी कौले घालून सिमेंट आणि उष्णता दोन्ही कमी करण्याची रीत रूढ केली होती. म्हणजे उपाय नवे नाहीत. चुना, माती आणि हवा हीच ती जुनी तीन औषधे आहेत.

जो आज घर बांधतो आहे त्याला कोणते छप्पर घालावे असे कोणी विचारले, तर इतिहास एकच उत्तर देणार नाही. कोकणात कौल आणि त्याखाली माळा याला अजून तोड नाही. देशावर स्लॅब घालावयाचाच असेल तर त्यावर पांढरी फरशी किंवा चुन्याचा थर हवा. पत्र्यावाचून गत्यंतर नसेल तर त्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे किंवा फळ्यांचे छत करावे आणि मधली हवा दोन्ही अंगांनी मोकळी ठेवावी. मातीचा हव्यास असेल तर खांबांचा खण आधी, माती मागाहून. मात्र एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा, की दुपारी या छपराखाली कोण बसणार आहे? छप्पर निवडणारा माणूस बहुधा दुपारी शेतात, कचेरीत किंवा दुकानात असतो. छपराखाली म्हातारी माणसे, बाळंतिणी, चुलीपुढच्या बायका आणि मुले असतात. छपरांच्या या सबंध इतिहासात त्यांचे मत विचारल्याचे मला कोठे आढळले नाही.

यंदा मार्चमध्ये, सकाळची शाळा सुरू झाल्यावर, आम्ही आमच्या शाळेतील पत्र्याच्या एका वर्गावर चुना दिला. चुन्यात थोडा डिंक कालवला होता. शेजारचा दुसरा पत्र्याचा वर्ग तसाच ठेवला. अकराच्या सुमारास मुले आळीपाळीने दोन्ही वर्गांत जाऊन पत्र्याखाली उभी राहिली आणि त्यांनी आपापला निकाल सांगितला. त्याला तापमापकाची गरज पडली नाही. जूनच्या पहिल्या पावसाने अर्धा चुना धुऊन नेला. पुढल्या मार्चमध्ये तो पुन्हा द्यावा लागेल, आणि त्यापुढल्या मार्चमध्येही. आजीची पिढी रोहिणीत माती घेऊन वर चढत होती. त्या दरसालच्या कामातून सुटका व्हावी म्हणून आपण पत्रा घातला. गारवा हवा असेल तर वर्षातून एकदा शिडी लावावी लागेल. शिडी शाळेतच ठेवली आहे.